पोटावरचा हात : हकिमांच्या 'दल्क'पासून वॉर्डातल्या सिस्टरपर्यंत

ऑपरेशन झालेल्या माणसाला भेटायला गेलेले पाहुणे विचारतात : टाके दुखतात का, ताप आला का, जेवण कधी सुरू होणार? सकाळी राउंडवर आलेला डॉक्टर मात्र आधी वेगळेच विचारतो : "गॅस सुटला का? संडास झाली का?" हा प्रश्न आला की पेशंट खाली बघतो. बाई असेल तर पदर किंवा ओढणी सावरून नुसती मान हलवते. ती मान 'हो' म्हणाली की 'नाही', हे डॉक्टरलाही कळत नाही आणि उशाशी बसलेल्या मुलालाही नाही.

आमच्या आर्वीहून लोक मोठ्या शस्त्रक्रियेसाठी वर्ध्याला, सेवाग्रामला, सावंगीला, नाही तर थेट नागपूरला जातात. सुट्टी मिळते तेव्हा हातात औषधांची चिठ्ठी असते आणि टाके कधी काढायचे ती तारीख असते. पोट साफ होत नसेल तर काय करायचे, हे विचारायचे राहून गेलेले असते. मग घरी कुणी एरंडेल देते, कुणी काढा देते, आणि कुणी म्हणते, "थांब, पोट मळून देते, मोकळं होईल."

या शेवटच्या सल्ल्याकडे बऱ्याच शिकलेल्या लोकांना 'म्हाताऱ्यांचं काहीतरी' म्हणून हसू येते. प्रत्यक्षात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत फ्रान्स, स्वीडन, तुर्कस्तान आणि ब्रिटनमध्ये याच गोष्टीवर शिस्तीत संशोधन झाले आहे. म्हणजे आजी अगदीच चूक नव्हती. पण ती पूर्ण बरोबरही नव्हती. ती कुठे बरोबर आणि कुठे चूक, हे समजायला थोडे मागे जावे लागेल.

ऑपरेशननंतर पोट का थांबते?

आतडे ही सतत लाटेसारखी हलणारी नळी आहे. पोट उघडून शस्त्रक्रिया झाली की ही हालचाल काही काळ थांबते. लहान आतडे साधारण एका दिवसात कामाला लागते, जठराला एक-दोन दिवस लागतात आणि मोठे आतडे सगळ्यात उशिरा, दोन-तीन दिवसांनी जागे होते. म्हणूनच डॉक्टर गॅसबद्दल विचारत राहतात. गॅस सुटणे ही आतडे जागे झाल्याची पहिली खबर असते.

पण पोटाला सुरी लागली नसली तरी पोट थांबते. खुबा मोडलेली आजी, गुडघा बदललेले चाचा, मणक्याचे ऑपरेशन झालेला ट्रकचालक, हे सगळे पडून असतात. उपाशीपोटी ऑपरेशन, नंतर थोडेसेच पाणी आणि पातळ खाणे, पलंगावर बेडपॅन, बाजूला परकी माणसे. त्यात वेदनेसाठी दिलेली औषधे. मॉर्फिन, ट्रामाडोल यांसारखी औषधे मेंदूतली वेदना दाबतात, तशीच आतड्याची हालचालही दाबतात. मॉर्फिन हे अफूतूनच निघालेले आहे. जुन्या काळी जुलाब थांबवायला अफूची गोळी देत, ती याच गुणामुळे.

याचे परिणाम फक्त अस्वस्थतेपुरते राहत नाहीत. जोर करताना टाक्यांवर ताण येतो. हृदयाच्या रुग्णाने कुंथणे धोक्याचे असते. म्हातारी माणसे तर 'संडासलाच जावं लागू नये' म्हणून पाणी आणि जेवण कमी करतात, त्याने मळ आणखी घट्ट होतो. खुब्याचे किंवा गुडघ्याचे ऑपरेशन झालेल्याला उकिडवे बसता येत नाही आणि घरात संडास मात्र भारतीय पद्धतीचा. हा प्रश्न जेवढा वैद्यकाचा, तेवढाच आपल्या घराच्या रचनेचा आणि आपल्या लाजेचा आहे.

इब्न सीना आणि कुलंज

उर्दूत बद्धकोष्ठाला 'कब्ज' म्हणतात. मूळ अरबी शब्दाचा अर्थ मुठीत धरणे, आवळणे. आतड्याच्या जोरदार कळेला हकीम 'कुलंज' म्हणत. हा शब्द ग्रीकमधून आलेला आहे. मोठ्या आतड्याचे इंग्रजी नाव 'कोलन' आणि हा 'कुलंज' एकाच घरातले. इस्लामी जगातल्या वैद्यांनी या दुखण्याला किती महत्त्व दिले ते यावरून कळते की अबू बक्र अल-राझी आणि इब्न सीना या दोघांनीही कुलंजवर स्वतंत्र ग्रंथ लिहिले.

मालिशला त्यांच्या शास्त्रात शब्द होता 'दल्क'. युनानी वैद्यकात औषध न देता, रोजच्या वागण्यातून आणि शरीरावरच्या क्रियांतून करायच्या उपचारांना 'इलाज बित-तदबीर' म्हणतात. त्यात व्यायाम, हम्माम, शेक यांच्याबरोबर दल्कही येतो. इब्न सीनांनी (९८०–१०३७) 'अल-कानून'मध्ये दल्कचे प्रकार पाडले : कठीण, मऊ, पुष्कळ, मध्यम. कठीण दल्क शरीर घट्ट करतो, मऊ दल्क सैल करतो, फार केला तर माणूस रोडावतो, मध्यम केला तर अंग भरते. ही विभागणी त्यांनी ग्रीकांकडून घेतली होती, आणि कुणाकडून काय घेतले ते सांगायला त्या काळचे हकीम लाजत नसत. आपल्याला उपयोगी पडावी अशी यातली गोष्ट म्हणजे माप. त्यांनी हाताच्या दाबालाही औषधासारखी मात्रा ठरवली.

मात्रा चुकली तर काय होते, याचे सगळ्यात दुःखद उदाहरण खुद्द इब्न सीनाच आहेत. त्यांचे शिष्य अल-जुझजानी यांनी गुरूच्या अखेरच्या दिवसांची हकीकत लिहून ठेवली आहे. इस्फहानच्या अमिराबरोबर लष्करी मोहिमेवर असताना इब्न सीनांना कुलंजने गाठले. सैन्य पुढे निघून जाईल आणि आपण मागे राहू या भीतीने त्यांना लवकर बरे व्हायचे होते. एकाच दिवसात त्यांनी स्वतःला आठ वेळा 'हुक्ना', म्हणजे बस्ती, घेतला. आतड्याला जखमा झाल्या. पुढे औषधात एक घटक सांगितल्यापेक्षा फार जास्त पडला, आणि एका नोकराने दुसऱ्या औषधात अफूही भरपूर मिसळली. हमदानमध्ये १०३७ साली त्यांचा इंतकाल झाला. ज्याने जगाला कुलंजचा इलाज शिकवला, तो घाईने आणि अफूने घेरला गेला. एक हजार वर्षांनी आपल्या वॉर्डातही पोट थांबवण्यात अफूच्याच वंशातली औषधे असतात आणि पोट सुरू करण्यात आपली घाई असते. म्हणून ही हकीकत मला कुठल्याही उपदेशापेक्षा मोलाची वाटते.

सुईण, आखाडा आणि आयुर्वेद

युनानी हकिमांच्या शेजारीच आयुर्वेदाची परंपरा उभी होती. तिथे तेल लावण्याला 'अभ्यंग' म्हणतात. बस्ती देण्याआधी अंगाला तेल चोळायचे आणि शेक द्यायचा, असा क्रम वैद्य पाळतात. भाषा वेगळी, पण सूत्र एकच : आधी सैल करा, मग बाहेर काढा.

या पोथ्यांतले ज्ञान घराघरांत उतरले ते सुईण, दाई आणि आखाड्यातल्या वस्तादांच्या हातून. तान्ह्या बाळाचे पोट फुगले की बेंबीभोवती हिंग लावून गोल हात फिरवणारी आजी हिंदूच्या घरात असते आणि मुसलमानाच्या घरातही. आपल्याकडे म्हणतात 'नाफ टल गई', शेजारी म्हणतात 'बेंबी सरकली'. वैद्यकशास्त्र बेंबी सरकते असे मानत नाही, पण दोन्ही घरांत पोटावर फिरणारा हात मात्र सारखाच.

आर्वीच्या माणसाला याचे नवल वाटू नये. आपल्या गावाला जुने लोक 'आर्वी तेलंगराव' म्हणत. ज्या तेलंगराव वलींनी गाव वसवले अशी समजूत आहे, त्यांना काही जण ब्राह्मण म्हणत आले आणि काही जण मुसलमान. दोन्ही समाज त्यांना मानत आले. त्यांची कबर लोकवर्गणीतून बांधली गेल्याची नोंद इंग्रजी काळातल्या गॅझेटियरमध्ये आहे. इलाजाच्या बाबतीतही आपल्या भागात असेच चालले. हकिमाकडे कोण गेले आणि वैद्याकडे कोण, याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

पाटण्याचा दीन मुहम्मद आणि युरोपचा प्रवास

हा हात युरोपात नेणाऱ्यांत एक नाव आपल्या लोकांना माहीत असायला हवे. शेख दीन मुहम्मद यांचा जन्म १७५९ मध्ये पाटण्याला झाला. कंपनीच्या बंगाल सैन्याबरोबर फिरत ते आयर्लंडला पोहोचले. १७९४ मध्ये त्यांचे प्रवासवर्णन छापले गेले, आणि इंग्रजीत पुस्तक लिहिणारा पहिला भारतीय म्हणून त्यांची नोंद होते. १८१० मध्ये लंडनमध्ये त्यांनी हिंदुस्थानी खाण्याचे उपाहारगृह काढले, ते फार चालले नाही. मग ब्रायटन या समुद्रकाठच्या गावात त्यांनी वाफेचे स्नानगृह उघडले. तिथे ते जे करीत त्याला त्यांनी नाव दिले 'शॅम्पूइंग'. आज या शब्दाने डोळ्यांसमोर केस धुण्याची बाटली येते, पण मूळ शब्द आपला 'चांपणे', अंग दाबणे, चंपी. सांधेदुखी आणि लकव्याचे रुग्ण त्यांच्याकडे येत. १८२२ मध्ये त्यांनी या उपचारावर पुस्तक लिहिले. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन इंग्रज राजांच्या पदरी ते 'शॅम्पूइंग सर्जन' होते. १८५१ मध्ये त्यांचे निधन झाले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ॲमस्टरडॅमचे डॉक्टर योहान मेत्झगर आणि त्यांचे शिष्य यांनी मालिशच्या हालचालींना नावे आणि शिस्त दिली : सरकता हात, मळणारा हात, थापटणारा हात. त्यांच्यामुळे मालिश डॉक्टरांच्या चर्चेचा विषय झाली, आणि बद्धकोष्ठासाठी पोटाची मालिश तर जवळजवळ फॅशनच झाली. स्वित्झर्लंडच्या बर्न शहरातले डॉक्टर हर्मान साहली यांनी १८८७ मध्ये लोखंडी गोळा पोटावर फिरवण्याची पद्धत सुचवली. रुग्णाने आडवे पडून स्वतःच तो गोळा आतड्याच्या वाटेने फिरवायचा. अमेरिकेत कॉर्नफ्लेक्समुळे ज्यांचे आडनाव घरोघर पोहोचले, त्या डॉक्टर जॉन हार्वे केलॉग यांनी १८९५ मध्ये मालिशवर मोठे पुस्तक लिहिले आणि आपल्या आरोग्यधामात पोट मळणारी यंत्रेही बसवली.

याच सुमारास, १८९४ मध्ये, लंडनमध्ये चार परिचारिकांनी प्रशिक्षित मालिशकार स्त्रियांची संस्था काढली. ब्रिटनमधील फिजिओथेरपिस्टांची आजची मुख्य संस्था तिच्यातूनच वाढली. म्हणजे मालिशला रुग्णालयात मानाची जागा मिळवून देण्यात परिचारिकांचा वाटा मोठा आहे. पुढे विसाव्या शतकात रेचकाच्या गोळ्या स्वस्त झाल्या, सिस्टरच्या हाताला वेळ उरला नाही, आणि पोटाची मालिश वॉर्डातून निघून गेली.

वर्धा जिल्ह्यातला अध्याय

आपल्या जिल्ह्यात या विषयाला एक मोठा अध्याय आहे आणि त्याचे नाव मोहनदास गांधी. तरुणपणी त्यांना बद्धकोष्ठाचा आणि डोकेदुखीचा त्रास होता. दक्षिण आफ्रिकेत असताना अडॉल्फ जुस्ट या जर्मन निसर्गोपचारकाचे पुस्तक वाचून त्यांनी पोटावर ओल्या मातीची पट्टी ठेवायला सुरुवात केली आणि रेचके सोडली. आत्मकथेत त्यांनी हे सविस्तर सांगितले आहे. १९४२ मध्ये आगाखान पॅलेसच्या कैदेत लिहिलेल्या आरोग्यावरच्या पुस्तकातही मातीची पट्टी आहेच. तेलाची मालिश तर त्यांच्या दिनक्रमाचा भाग होती. १९३६ मध्ये ते सेवाग्रामला आले, आणि तिथल्या बापू कुटीला भेट देणाऱ्याला त्यांचे मालिशचे टेबल आजही पाहायला मिळते. कुष्ठरोगी परचुरे शास्त्रींना लोक शिवायला घाबरत, तेव्हा त्यांच्या अंगाला गांधी स्वतः मालिश करीत. युनानी वैद्यकाशीही त्यांचा संबंध आला. हकीम अजमल खान यांच्या दिल्लीतल्या तिब्बिया कॉलेजचे उद्घाटन १९२१ मध्ये त्यांच्याच हस्ते झाले.

पण याच गांधींच्या आयुष्यात १२ जानेवारी १९२४ ची रात्रही आहे. येरवडा तुरुंगात असताना त्यांच्या पोटात तीव्र कळा सुरू झाल्या. निदान झाले अपेंडिक्सचे. पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक या इंग्रज सर्जनने त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली आणि काम कंदिलाच्या उजेडात पुरे करावे लागले. पंधरा वर्षांपूर्वी 'हिंद स्वराज'मध्ये डॉक्टर आणि रुग्णालयांवर कडक टीका करणारा माणूस त्या रात्री ऑपरेशनला संमती देऊन टेबलावर गेला. ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांची सुटका केली.

काही जण ही गोष्ट गांधींची विसंगती म्हणून सांगतात. मला ती वेगळ्या कारणासाठी महत्त्वाची वाटते. सुजलेल्या अपेंडिक्सवर पोट चोळणे किंवा जुलाब देणे म्हणजे ते फुटायला मदत करणे. बोस्टनचे डॉक्टर रेजिनाल्ड फिट्झ यांनी १८८६ मध्ये या आजाराला 'अपेंडिसायटिस' हे नाव दिले आणि वेळेत ऑपरेशन करा असे सांगितले. त्याआधी किती तरी माणसे 'पोट साफ होत नाही' या समजुतीखाली दगावली. ज्याने आयुष्यभर पोटावर माती ठेवली, त्याच्या पोटालाही एका रात्री मातीची नव्हे, सर्जनची गरज होती. आणि त्याच माणसाने मालिश आणि मातीचा उपचार पुढेही सोडला नाही. दोन्हींची जागा वेगळी आहे, एवढेच यातून घ्यायचे. सेवाग्रामच्या मातीत नंतर हेच घडले. गांधींच्या डॉक्टर सुशीला नय्यर यांच्या पुढाकाराने १९६९ मध्ये तिथे वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. कुटीत मालिशचे टेबल आणि जवळच शस्त्रक्रियेचे टेबल.

आजचे संशोधन काय म्हणते?

२००२ मध्ये फ्रान्समध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मोठ्या आतड्याचा भाग काढलेल्या ५० रुग्णांचे दोन गट केले. एका गटाच्या पोटाच्या भिंतीला यंत्राने हलकी मालिश दिली, दुसऱ्याला नुसती नावापुरती. खरी मालिश मिळालेल्यांना वेदना कमी झाल्या आणि त्यांचा गॅस लवकर सुटला. हे सगळे रुग्णालयात, सर्जनच्या देखरेखीखाली झाले, हे विसरायचे नाही.

२००९ मध्ये स्वीडनच्या उमिओ विद्यापीठातल्या परिचारिका-संशोधकांनी बद्धकोष्ठ असलेल्या ६० लोकांवर आठ आठवडे प्रयोग केला. मालिश घेणाऱ्यांच्या तक्रारी कमी झाल्या, शौचाला जाणे वाढले. पण रेचके घेणे कमी झाले नाही. २०१६ मध्ये तुर्कस्तानच्या परिचारिका-संशोधकांनी ऑपरेशननंतर बद्धकोष्ठ झालेल्या रुग्णांवरचा अभ्यास छापला. त्यातही पोटाच्या मालिशने त्रास कमी झाल्याचे आणि रुग्णाला एकूण बरे वाटू लागल्याचे दिसले. उलट ब्रिटनमध्ये मज्जासंस्थेच्या एका दीर्घ आजाराच्या रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीत, जिचा अहवाल २०१८ मध्ये आला, मुख्य मोजमापात ठळक फरक दिसला नाही.

सगळे एकत्र ठेवले तर चित्र असे आहे : पोटाची मालिश हा जादूचा इलाज नाही, बहुतेक अभ्यास लहान आहेत, पण योग्य रुग्णाला योग्य वेळी दिलेली मालिश औषधांना साथ देते. ती स्वस्त आहे आणि शिकता येते. आणि हे संशोधन बरेचसे परिचारिकांनी केले आहे. एकेकाळी त्यांच्याच हातून सुटलेले काम त्या परत हातात घेत आहेत.

हात कसा, आणि कधी नाही

पद्धत साधी आहे. मोठे आतडे पोटाच्या उजव्या बाजूला खालून सुरू होते, वर बरगड्यांपर्यंत जाते, आडवे डावीकडे वळते आणि डाव्या बाजूने खाली उतरते. हात याच वाटेने जायला हवा. पोटावर घड्याळ ठेवले आहे असे समजा, काटे फिरतात तसा हात फिरवायचा. रुग्ण पाठीवर, गुडघ्यांखाली उशी, लघवी करून आलेला. जेवून लगेच नाही. हातावर कोमट तेल, दाब पिठाच्या गोळ्यावर तळवा फिरवतो एवढा, वेळ दहा-पंधरा मिनिटे, रोज एकाच सुमारास. दुखले की थांबायचे. इब्न सीनांच्या भाषेत हा 'मऊ दल्क' आहे. पहिलवानाचा हात इथे कामाचा नाही.

खुबा, गुडघा, मणका अशा पोटाबाहेरच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांना विचारून घरच्यांनाही हे करता येते. पण पोटाचे ऑपरेशन, हर्निया किंवा सिझेरियन झाले असेल तर सर्जनने स्पष्ट 'करा' म्हटल्याशिवाय पोटाला हात लावायचा नाही. गरोदरपणात, आतड्याला सूज असताना किंवा पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगलेली असताना तर नाहीच. आणि ही लक्षणे दिसली तर मालिशही नाही, एरंडेलही नाही, सरळ दवाखाना : उलट्या, ताणलेले कडक पोट, गॅससुद्धा न सुटणे, ताप, रक्त, वाढत जाणारी कळ. हे बद्धकोष्ठ नसून आतडे अडकल्याची किंवा आत पू झाल्याची खूण असू शकते.

मालिशपेक्षाही आधी चालणे येते. पूर्वी ऑपरेशननंतर आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लवकर उठवण्याची पद्धत रुजली, आणि १९९० च्या दशकात डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी लवकर चालणे, लवकर खाणे आणि अफूवर्गी औषधे कमीत कमी देणे, अशी पूर्ण शिस्त बसवली. म्हणून सिस्टर दुसऱ्याच दिवशी "उठा, चाला" म्हणते तेव्हा ती निर्दय नसते. आपले लोक मात्र मायेपोटी म्हणतात, "पडून रहा, टाके तुटतील." पाणी, फळे, भाज्या हेही डॉक्टर परवानगी देतील तसे. इसबगोलसुद्धा विचारूनच. हा शब्द फारसी आहे, 'अस्प' म्हणजे घोडा आणि 'गोल' म्हणजे कान, त्या बीच्या आकारावरून. ते भरपूर पाण्याशिवाय घेतले तर उलट पोटात घट्ट होऊन बसते.

लाजेचा इलाज

आमच्या ओळखीतल्या एका खालांच्या खुब्याचे ऑपरेशन झाले होते. चार दिवस पोट साफ नव्हते. राउंडवर पुरुष डॉक्टर, शेजारी जावई उभा. त्या रोज मान हलवत राहिल्या. पाचव्या दिवशी जेवण बंद केले, तेव्हा सुनेने विचारले, "अम्मी, संडास हुई क्या?" आणि मग खरे बाहेर आले. सुनेने सिस्टरच्या कानात सांगितले. औषध बदलले, खुर्चीचा कमोड मिळाला, आणि सिस्टरने सुनेला पोटावर हात कसा फिरवायचा ते दाखवले. दोन दिवसांत त्या मोकळ्या झाल्या. यात चमत्कार काहीच नव्हता. प्रश्न योग्य माणसाने, योग्य भाषेत विचारला, एवढेच.

सतर आणि हया या आपल्या जपलेल्या गोष्टी आहेत. पण इलाजाची गरज असेल तिथे फिकहने सवलत ठेवलेली आहे, हे मदरशात शिकलेले मूलही सांगेल. शिवाय इथे तर घरातलीच बाई, बाईच्या पोटाला, पडदा ओढून हात लावणार आहे. सवलतीचाही प्रश्न येत नाही. अडचण धर्माची कमी आणि सवयीची जास्त आहे. ज्या हकिमांचा आपण अभिमान बाळगतो, त्यांनी मळ, मूत्र, वायू यांवर पानेच्या पाने लिहिली. त्यांच्या वारसदारांनी डॉक्टरच्या साध्या प्रश्नाला खाली बघावे, हे पटत नाही.

म्हणून घरात कुणाचेही ऑपरेशन असेल तर सुट्टीच्या दिवशी चार प्रश्न विचारून घ्या. वेदनेच्या कोणत्या गोळीने पोट बांधले जाते? पोट साफ होण्यासाठी काय घ्यायचे आणि किती दिवस? चालणे किती? आणि पोटाला हलकी मालिश चालेल का, चालत असेल तर कधीपासून? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' आले तर आजीचा हात थांबवा. 'हो' आले तर सिस्टरकडून एकदा नीट शिकून घ्या.